न उमटलेली वेलांटी

(लातूर, १९८३ चा मे महिना, भर दुपार. नव्या कलेक्टर कचेरीमागच्या वस्तीतली पत्र्याची खोली. नागुबाई, तिची लेक चांगुणा, आणि रेल्वेच्या नकाशा-हापिसातून रिटायर झालेले अमृतराव.)

अमृतराव : ...म्हणून म्हणतो, मी काही जप्तीला आलेलो नाही. रिटायर माणूस आहे. कोणाला सांगणार नाही, कुठं लिहून देणार नाही. फक्त नकाशे द्या.

चांगुणा : कोणते नकाशे?

अमृतराव : पोरी, तुला ठाऊक नसेल. तू लहान होतीस. तुझ्या आईला माहीत आहे.

चांगुणा : मी सतरा वर्षांची होते साहेब. आणि पोरी नाही, चांगुणाबाई. ऑफिसात तसंच म्हणतात मला.

नागुबाई : आगं, उनातून आल्यालं मानूस हाय, आधी पानी तरी इचार. सायब, पानी देऊ का? टँकरचं हाय, पन गाळून ठिवलंय. चालतंय न्हवं तुमाला?

अमृतराव : चालतं म्हणजे? द्या की.

नागुबाई : न्हाई, इचारलं आपलं. हापिसात तुमचा माठ न्यारा व्हता म्हनं. चांगुणाचा बाप सांगायचा.

अमृतराव : होता. तेव्हा तसंच होतं सगळं. द्या, तांब्याच द्या भरून.

चांगुणा : प्या. आणि मग सांगा, आमचा लातूरचा पत्ता कोणी दिला?

अमृतराव : इस्लापूरला जाऊन आलो. नांदेडहून सकाळच्या गाडीनं गेलो, तुमची चाळ शोधली. तिथं कळलं, केरबा गेला. सहा वर्षं झाली म्हणे. मला कोणी कळवलंच नाही.

चांगुणा : ज्यांनी चोर ठरवलं त्यांच्या घरी मौतीचा निरोप धाडायचा असतो का?

नागुबाई : चांगुणा!

चांगुणा : बोलू दे आई. तू दहा वर्षं तोंड शिवून बसलीस. बाप तर तोंड शिवूनच गेला.

अमृतराव : बोलू द्या त्यांना. बरोबरच बोलतात. पण माझंही ऐका जरा. आपली छोटी लाईन आहे ना, मुदखेडहून किनवटला जाणारी, तिचे निजामाच्या वेळेपासूनचे फोटो आणि नकाशे मी गोळा करून राहिलो. चार वर्षं झाली. कोण कुठं काय टाकून देतं, कुठं वाळवी लागते, कुठं उंदरानं बीळ केलं. वाचलं तेवढं परवानगी काढून घरी आणलं, पुसलं, वाळवलं. उद्या ही लाईन रुंद करतील, पूल पाडतील. मग कोणी बांधलं, कसं बांधलं, कोणाला काय कळणार? एकोणीस फोटो झाले, छत्तीस नकाशे झाले. हे रजिस्टर बघा. सगळं जुळलं, एक पूल तेवढा राहिला. तुमच्या इस्लापूरच्या नाल्यावरचा, सात गाळ्यांचा. त्याचे पाच नकाशे...

चांगुणा : गहाळ.

अमृतराव : काय?

चांगुणा : तुम्हीच लिहिलंय, ते वाचलं. सात नंबर ते अकरा नंबर, 'गहाळ'. आणि पुढं लाल शाईत, 'केरबा'. नुसतं केरबा. ना त्याच्या बापाचं नाव, ना आडनाव. जसं काही बैलाचं नाव लिहिलंय.

अमृतराव : ते मी जुन्या रजिस्टरातून जसंच्या तसं उतरवलं.

चांगुणा : मी पण रेकॉर्डलाच आहे साहेब. जिल्हा नवा झाला तेव्हापासून उस्मानाबादहून बस्ते येऊन राहिले, ट्रकच्या ट्रक. कोणते आपल्या जिल्ह्याचे, कोणते तिकडचे, आठ महिने तेच निवडतेय. पण एक शिकले. 'गहाळ' असा शेरा मारायच्या आधी शोधावं लागतं. तुम्ही शोधलं होतं?

अमृतराव : शोधायलाच तर आलो.

चांगुणा : दहा वर्षांनी. बैल गेला अन् झोपा केला.

नागुबाई : आगं, गप बस जरा. सायब, ते नकाशे कापडावरचे न्हवं? निळसर, कडक, एका बाजूनं चकाकनारे?

अमृतराव : हाव! तेच, ट्रेसिंगचं कापड! म्हणजे आहेत! नागुबाई, माझं मन सांगत होतं, केरबा विकणारा माणूस नव्हे. कुठं ठेवलेत? घडी नाही ना घातली? घडीवर शाई तडकते त्याची.

नागुबाई : घडी न्हाई घातली. धुतले.

अमृतराव : काय केले?

नागुबाई : धुतले. गरम पान्यानं.

अमृतराव : धुतले! अहो बाई, त्या कापडावर खळ असते. शाई असते ती खळीवर. खळ गेली की रेघ गेली, आकडा गेला, सगळा पूलच गेला की वाहून!

नागुबाई : खळ गेली की खाली मलमल ऱ्हाती सायब. लोन्यावानी मऊ. मला काय ठावं हे? तुमीच तर सांगितलं.

अमृतराव : मी?

नागुबाई : ते दुष्काळाचं साल. जयंतीच्या आधी आठ दिस मी बाळतीन झाले. चांगुणाच्या पाठीवर तीन लेकरं गेली व्हती माझी. सतरा वर्सांनी पोरगं झालं, आन घरात फडकं न्हाई. लुगडी दोन, ती बी दुष्काळी कामावर खडी वाहून वाहून इरल्याली. चांगुणाचा बाप तुमच्यापाशी हापिसात खलाशी, सामान उचलाया, कापड धराया. आठवड्यानं यायचा घरी. त्यानं तुमाला म्हनलं, सायब, पोरगं झालंय, अंगावर घालाया कापड बी न्हाई. तवा तुमी काय म्हनलात?

अमृतराव : दहा वर्षांची गोष्ट बाई...

नागुबाई : तुमी म्हनलात, 'रद्दीतलं टरेसिंग ने केरबा. गरम पान्यात धू. झबली झ्याक व्हत्यात, आमच्या घरी बी केलीत.' ह्येच म्हनलात का न्हाई?

चांगुणा : साहेबांना आठवत नसेल आई. चौकशीत पण नव्हतं आठवलं. मोठ्या साहेबानं विचारलं, 'अमृतराव, तुम्ही परवानगी दिली होती का?' तर हे म्हणाले, 'मला आठवत नाही.' बाप मरेस्तोवर ते वाक्य सांगायचा. शिवी नाही दिली कधी. खडी फोडता फोडता मधेच थांबायचा आणि म्हणायचा, 'सायबाला याद न्हाई.'

अमृतराव : मी रद्दीतलं म्हणालो. रद्दी म्हणजे कोपऱ्यातला पेटारा. शाई सांडलेले, फाटलेले तुकडे आम्ही त्यात टाकायचो. केरबानं कपाटातले नेले. शिक्का मारलेले! एवढा ठळक शिक्का त्याला दिसला नाही?

नागुबाई : दिसला म्हून तर आनले!

अमृतराव : म्हणजे?

चांगुणा : शिक्का काय होता, सांगा.

अमृतराव : 'रद्द'. पुलाची दुरुस्ती झाली, नवे नकाशे झाले, म्हणून जुन्यावर 'रद्द'. त्याचा अर्थ एवढाच की त्याबरहुकूम काम करू नये. पण टाकायचा नसतो तो. रद्द नकाशा तर जिवापाड जपायचा. पाया किती खोल घातला, ते त्याच्यातच असतं.

चांगुणा : हे सगळं बापाला कोणी समजावलं होतं?

अमृतराव : खलाशाला कोण समजावतं?

चांगुणा : मीच त्याला अक्षरं शिकवली साहेब. सुट्टीत, पाटीवर. बोट ठेवून ठेवून वाचायचा. तुमच्या पेटाऱ्यातला एकही तुकडा वीतभराच्या वर नव्हता. मग त्याला कपाटात शिक्का दिसला. त्यानं लावून बघितलं. र. द. परत द. घरी आला तो हसतच. म्हणाला, 'चांगुणे, शिक्का झिजलाय त्यांचा. वेलांटी उमटली न्हाई.'

अमृतराव : वेलांटी...

चांगुणा : 'रद्द'ला वेलांटी दिली की 'रद्दी'. तुम्ही तोंडानं म्हणालात तेच त्याला कापडावर दिसलं. काय आनंद झाला होता माहितीय? 'आज पयल्यांदा हापिसातलं सोता वाचलं,' म्हणाला. दोनदा म्हणाला.

अमृतराव : तो शिक्का मीच करून आणला होता. नांदेडला, वजिराबादच्या दुकानातून. आधी इंग्रजी होता. आता आपल्या अक्षरात करा, असा वरून हुकूम आला म्हणून... इंग्रजीच राहिला असता तर केरबानं हात नसता लावला.

नागुबाई : आक्षार वळखीचं निगालं, तितंच फसला बिचारा.

अमृतराव : आणि पाणी? त्या साली प्यायला पाणी नव्हतं, तुम्ही पाच-पाच नकाशे धुतले कशानं?

नागुबाई : इंजनाच्या पान्यानं. शरणप्पा डायव्हर व्हता, लई भला मानूस. इस्लापूरला गाडी थांबली की नळी सोडायचा, बाया घागरी धरून हुब्याच. कडकडीत पानी. त्या पान्यात भिजू घातलं आन चोळलं. निळं-काळं पानी निगालं बगा. चांगुणा म्हनली, आई, रेघा चालल्या. मी म्हनलं, जाऊ दे की, लेकराला टोचत्याल.

अमृतराव : पण मग हे चौकशीत का नाही सांगितलं? साहेब वाईट नव्हते हो. म्हणाले होते, 'नकाशे आणून ठेव, उद्यापासून कामावर ये.' तीन वेळा म्हणाले. मी स्वतः जिन्यात गाठलं केरबाला. म्हणालो, 'काय असेल ते आणून टाक बाबा.' तर टोपी घातली आणि जिना उतरून गेला. आणलं असतं, धुतलेलं का होईना, कापड तरी दाखवलं असतं...

नागुबाई : कुटून आनावं सायब? उकरून?

अमृतराव : उकरून म्हणजे?

चांगुणा : आई, तू नको. मी सांगते.

नागुबाई : न्हाई, मी सांगते. माझं लेकरू हाय. दोन महिन्याचं झालं नव्हतं. नाल्यात खनलेल्या झिऱ्याचं पानी, कोन म्हनतं त्याच्यानंच. जुलाब लागले. एका राती आन एका दिसात सुकून गेलं. पांढरं कापड म्हनून घरात तेवढंच. चार झबली आन एक दुपटं. त्याच्यातच गुंडाळलं. पुलाच्या अंगाला लिंब हाय, त्याच्याखाली ठिवलं. चौकशीचा कागद आला तवा आठ दिस झाले व्हते. नकाशे आन, नकाशे आन. चांगुणाचा बाप काय म्हनंल त्या सायबाला? जितं ठिवलेत तितून काडून आनू का, आसं म्हनावं?

चांगुणा : तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी बाप नांदेडहून आला तो घरी आलाच नाही. सरळ लिंबाखाली जाऊन बसला. मी बोलवायला गेले. म्हणाला, 'नोकरी जाऊ दे चांगुणे. हितलं काय मी हलवत न्हाई.'

नागुबाई : सायब? आवो, तुमी रडू नका. उनाचं आलाव. चांगुणा, पानी दे.

अमृतराव : मला आठवत होतं.

चांगुणा : काय?

अमृतराव : चौकशीत. मला सगळं आठवत होतं. केरबा दारात उभा होता, हातात टोपी. 'सायब, पोरगं झालं.' मी पेढे आण म्हणालो त्याला. मग कापडाचं बोलला, मी म्हणालो, ने रद्दीतलं. लख्ख आठवत होतं. पण तेव्हाच नकाशा-हापिसात हेडची जागा निघाली होती. मी परवानगी दिली म्हटलं असतं तर माझंही नाव कागदावर आलं असतं. वाटलं, नकाशे आणून देईल, प्रकरण मिटेल, कोणाचंच काही जाणार नाही. आठवत नाही म्हटलं म्हणजे काही खोटं सांगितलं नाही, असं मनाला समजावलं. एवढंसं वाक्य हो.

चांगुणा : झालात ना हेड?

अमृतराव : झालो. सहा वर्षं होतो.

नागुबाई : ह्ये तवा बोलला आस्तात तर लई बरं झालं आस्तं सायब. मी आता राग धरून काय करू? पन तवा बोलाया पायजे व्हतं.

अमृतराव : हो.

चांगुणा : तुम्ही फोटो पण जमवलेत म्हणालात. सात गाळ्यांच्या पुलाचा आहे?

अमृतराव : आहे. अडुसष्ट सालचा, तपासणीच्या वेळचा. त्यासाठीच तर... थांबा, काढतो. हा. खुर्चीवर साहेब लोक बसलेत. मागं उभा तो मी.

चांगुणा : आणि हा? कडेला, लाल-पांढरी पट्टी धरून?

अमृतराव : केरबा.

नागुबाई : आन हिकडं. उजेडात धर. आगं बया! किती बारीक व्हता तवा. टोपी तिरकीच. चांगुणे, ह्यो बग तुजा बाप. घरात एक फोटू न्हाई सायब त्याचा. मेला तवा दिव्यापुढं ठिवाया काय नव्हतं.

चांगुणा : खाली नावं लिहिलीत. पाच साहेबांची, मग तुमचं. मग लिहिलंय, 'व इतर'. कडेला एकटा माणूस उभा आहे आणि तो इतर?

अमृतराव : हा फोटो तुम्ही ठेवा. माझ्याकडं याची काच, म्हणजे निगेटिव्ह आहे, दुसरा काढून घेईन. त्याच्याखाली नाव लिहीन. तुम्ही सांगाल तसं पूर्ण.

नागुबाई : मग मी बी तुमाला एक दावते. चांगुणा, ती पत्र्याची पेटी काड. तळाला हाय.

चांगुणा : आई, कशाला?

नागुबाई : काड गं. नकाशावाल्याला नकाशा बगू दे.

अमृतराव : हे... ही कुंची आहे.

नागुबाई : लेकराला ठिवलं त्या दिसाला ती धुऊन काट्यावर वाळत घातली व्हती. ध्यानातच आली न्हाई कुनाच्या. सांजच्याला दिसली, फडफडत व्हती. लेकरू उघड्या डोक्यानं गेलं सायब. येवडं सगळं व्हतं अंगावर, आन डोकं उघडं. आजून मला थंडीच्या दिसात झोप लागत न्हाई.

अमृतराव : ह्या कडेला रेघ आहे अजून. पुसट आहे, पण आहे. कमान आहे ही. सातवा गाळा. आणि इथं शिवणीत... चष्मा कुठं गेला माझा? 'अ. रा., १९५१.' हे माझं अक्षर आहे.

चांगुणा : तुमचं?

अमृतराव : निजामाच्या वेळचा मूळ नकाशा फाटत आला होता. त्याच्यावर हे कापड ताणून मी उतरवून घेतला. नोकरीतलं पहिलं मोठं काम माझं. अकरा दिवस लागले. श्वास धरून एकेक रेघ ओढली होती. वाटलं होतं, मी मेलो तरी ही राहील.

नागुबाई : ऱ्हायली की.

अमृतराव : ही मला द्या, असं म्हणायचं तोंड नाही माझं.

नागुबाई : देनार बी न्हाई मी.

अमृतराव : नका देऊ. पण तुमची ना नसेल तर उतरवून घेऊ का? माझ्याकडं बटर पेपर आहे, पेन आहे. फक्त एवढी कमान. कापडाला डाग लागणार नाही.

नागुबाई : घ्या.

अमृतराव : तुम्ही हा कोपरा धरा. ताणू नका, नुसता दाबून ठेवा. चांगुणाबाई, तुम्ही तो. हां, असं.

नागुबाई : चांगुणाचा बाप बी धरायचा का आसा?

अमृतराव : चारी कोपरे तोच लावायचा. कापड कणभर हललं तर मी ओरडायचो त्याच्यावर. हलायचं नाही कधी, तरी ओरडायचो.

चांगुणा : रेघ वाकडी आली इथं.

अमृतराव : येऊ द्या. झालं. एवढंच उरलं पुलाचं.

चांगुणा : आता रजिस्टर उघडा. 'गहाळ' खोडा.

अमृतराव : खोडलं.

चांगुणा : लाल शाईतलं पण. आणि काळ्या शाईनं लिहा. केरबा लिंबाजी हनवते, खलाशी. पुढं लिहा, 'नकाशे माझ्या सांगण्यावरून नेले.' तारीख टाका, सही करा. याची नक्कल तुमच्या हापिसात देऊन पोच आणायची. तुम्ही नाही आणली तर मी येईन.

अमृतराव : मीच आणीन. इथं आणून देईन. ही सही बघा. वाचता येते ना?

चांगुणा : येते. आठवत नाही, असं म्हणता येणार नाही आता.

अमृतराव : नाही म्हणणार. एक रकाना राहिला. 'सध्या कोणाकडे' असा आहे. कुंचीपुढं तुमचं नाव घातलं, नागुबाई केरबा हनवते. बाकीच्यापुढं?

नागुबाई : बाकीचे त्याच्यापाशी हायत की. लेकरापाशी.

अमृतराव : तसंच लिहितो. खरं तेच लिहायचं. बाळाचं नाव सांगा.

नागुबाई : नाव ठिवलं नव्हतं सायब. बारसं म्हनलं की चार बाया येनार, चाळ येनार. घुगऱ्या नसल्या तर नसल्या, पन आलेल्याला घोटभर पानी तर द्यावं लागतंय. ते कुटून आनावं? म्हनलं, मिरीग पडू दे, पानी येऊ दे, मग ठिवू. मिरगाच्या आधी आठ दिस गेलं.

अमृतराव : मग इथं काय लिहू?

नागुबाई : काय लिहू नका. जागा सोडा.